भुताच्या मनगटावरचं घड्याळ

पत्र थोडक्यात असं: सोलापुरातल्या एका वाचक भगिनीने लिहिलंय. वय ३८, एकत्र कुटुंब, घरचा टॉवेलचा कारखाना. हिशेब, जीएसटी, कामगारांचा आठवड्याचा पगार सगळं त्याच बघतात. रात्री साडेअकराला घर झोपलं की कानात इअरफोन घालून त्या मोबाइलवर भुताखेतांचे, रक्तबंबाळ, अगदी स्वस्तात उरकलेले सिनेमे बघतात. जुने हिंदी, इटालियन, अमेरिकन, जपानी, मिळेल ते. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत मामा व्हीसीआर भाड्याने आणायचे, तेव्हापासूनची ही आवड. "लोक जिथे किंचाळतात तिथे मला हसू येतं. भुताच्या मनगटावर घड्याळ दिसलं की इतका आनंद होतो की सांगता येत नाही," असं त्या लिहितात. घरी मात्र 'रेसिपीचे व्हिडिओ बघते' असं सांगत आल्या. गेल्या महिन्यात १३ वर्षांच्या मुलीने मागून येऊन एक दृश्य पाहिलं, दोन रात्री ती आजीजवळ झोपली आणि सगळं उघडं पडलं. सासूबाई म्हणाल्या, घरात असलं अभद्र नको. मिस्टर म्हणाले, "शिकली-सवरलेली बाई तू, तुला हे शोभतं का?" वाचनकट्ट्यावरच्या मैत्रिणीने निदानच करून टाकलं: असले सिनेमे आवडणाऱ्यांच्या मनात दडपलेली हिंसा असते. आता त्यांचे प्रश्न: मी विकृत आहे का? ही सवय कशी सोडू? डॉक्टरांना दाखवू का? मुलीला काय सांगू? आणि खाली ताजा कलम: "एका सिनेमात कासव खरोखर मारलेलं दाखवलं होतं. त्यानंतर दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तरी मी तो सिनेमा शेवटपर्यंत बघितला. का, ते मला अजून कळत नाही."

आधी माझं सांगून टाकते, म्हणजे नंतर गैरसमज नको. मी भित्री आहे. १९८४ साली 'पुराना मंदिर' हा भयपट आला तेव्हा मैत्रिणींनी मला अक्षरशः ओढत टॉकीजला नेलं होतं. त्यातला सैतान सामरी पडद्यावर आला की मी ओढणी डोळ्यांवर घ्यायचे आणि शेजारणीला विचारायचे, "गेला का?" अख्ख्या सिनेमातलं नीट आठवतं ते मध्यंतरातलं भजं आणि जगदीपने केलेली 'शोले'ची नक्कल. तेव्हा तुमची बाजू घेण्यात माझा स्वतःचा काही फायदा नाही. तुमचे सिनेमे मी काही बघणार नाही.

तुम्ही चार प्रश्न विचारलेत, पण चारही एकाच खुंटीला टांगलेत. माणसाला जे बघायला आवडतं तसं त्याचं मन असतं, ही ती खुंटी. ती पक्की आहे का ते जरा हलवून बघू.

टीव्हीवर 'झपाटलेला' लागला तर तुमच्या घरात कुणी उठून बंद करतं का? तात्या विंचू खुनी आहे. मरता मरता मंत्र म्हणून बाहुल्यात शिरतो आणि बाहुल्यातूनही माणसं मारत सुटतो. १९९३ पासून आपण सगळे, आज्या-नातवंडांसकट, भाकरी मोडत मोडत ते बघतोय आणि हसतोय. पोरं गल्लीभर 'ओम फट् स्वाहा' ओरडत फिरली, त्यांना कुणी डॉक्टरकडे नेलं नाही. नरसिंह हिरण्यकशिपूचं पोट फाडतोय हे चित्र आपल्याकडे कॅलेंडरवर असतं, आणि त्याखाली दूधवाल्याचा हिशेब लिहिलेला असतो. गीतेच्या अकराव्या अध्यायात विश्वरूपाच्या दातांत अडकलेली, चुरा झालेली मस्तकं आहेत. रोज तो अध्याय म्हणणाऱ्या आजीच्या मनात हिंसा दडलीय असं तुमची मैत्रीण म्हणेल का? (हे सासूबाईंना ऐकवू नका. वाद जिंकाल आणि आठवडाभर घरात कुणी बोलणार नाही.) नाट्यशास्त्राने सांगितलेल्या आठ रसांत शृंगार आणि वीर यांच्याच पंगतीला भयानक आणि बीभत्स बसलेत. रस म्हणजे चाखायची गोष्ट. भीतीसुद्धा चाखता येते हे आपल्याला फार आधीपासून माहीत आहे.

मग तुमच्याच सिनेमांचा एवढा बाऊ का? मला वाटतं, खरा आक्षेप रक्ताला नाहीच, स्वस्तपणाला आहे. हेच रक्त मोठ्या नटाच्या शर्टावर, दोनशे कोटींच्या सिनेमात उडालं असतं तर मिस्टरांनीच ऑनलाइन तिकिटं काढली असती. आणि दुसरं, तुम्ही बाई आहात. रक्त बघून बायकांनी घाबरायचं असतं हा नियम कुणी काढला कोण जाणे. ज्याने काढला त्याने बाळंतपण पाहिलेलं नसावं.

आता त्या घड्याळाबद्दल. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात आवडलेलं वाक्य ते आहे, आणि तुम्ही मात्र ते गुन्ह्याच्या कबुलीसारखं लिहिलंय.

लहानपणी आम्ही सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेला होम मैदानावर जायचो. आकाशपाळणा, मौत का कुआँ आणि एक भूतबंगला. भाऊ आत गेला, मी अर्थातच बाहेर थांबले आणि घाबरून ताडपत्रीच्या मागच्या बाजूला जाऊन उभी राहिले. तिथे एक भूत बसलं होतं. मुखवटा कपाळावर सरकवलेला, हातात कागदावर भजी. माझ्याकडे बघून म्हणालं, "काय बे, रडतीस कशाला?" आणि आतून घंटा वाजल्यावर मुखवटा खाली ओढून पळालं. त्या दिवसापासून मला भूतबंगल्याची भीती वाटली नाही असं म्हणणार नाही, कारण वाटलीच. पण त्या पोराबद्दल जी माया वाटली ती अजून आहे. तुम्ही रात्री साडेअकराला जे बघता ते हेच असावं असा मला दाट संशय आहे. लोक भूत बघतात. तुम्ही ताडपत्रीमागे जाऊन भूत करणारी माणसं बघता.

आणि त्या माणसांच्या गोष्टी खरोखर बघण्यासारख्या आहेत. तुमच्यासाठी थोडं वाचलं, तेव्हा मीच रमले. 'पुराना मंदिर' काढणाऱ्या रामसे मंडळींचं घ्या. फाळणीआधी कराचीत वडिलांचं रेडिओचं दुकान. मूळ आडनाव रामसिंघानी, गोऱ्या गिऱ्हाइकांच्या तोंडी त्याचं झालं रामसे. सात मुलगे. १९७० साली त्यांचा एक सिनेमा पडला, पण त्यात पृथ्वीराज कपूर मुखवटा घालून संग्रहालयात चोरी करतात त्या प्रसंगाला प्रेक्षक दचकतात हे पोरांच्या लक्षात आलं. म्हणाले, मग तेवढंच का करू नये? १९७२ साली 'दो गज़ ज़मीन के नीचे' काढायला सगळं खटलं मोजकी माणसं घेऊन महाबळेश्वरच्या एका गेस्ट हाउसात मुक्कामाला गेलं. पुढे वर्षानुवर्षं कुमार लिहिणार, गंगू कॅमेरा धरणार, किरण आवाज बघणार, अर्जुन संकलनाची कापाकापी करणार, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करणार. अहो, हे तर आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या एखाद्या माग-कारखान्याचं वर्णन झालं. एक भाऊ ताण्यावर, एक रंगाईला, एक मुंबईच्या व्यापाऱ्यांकडे, आणि दिवाळीच्या तोंडावर सगळेच पॅकिंगला. मला ओढणीत तोंड लपवायला लावणारा सामरी, म्हणजे अनिरुद्ध अग्रवाल, शिक्षणाने सिव्हिल इंजिनिअर. हे मला १९८४ साली कळलं असतं तर निम्मी भीती तिथेच गेली असती.

अमेरिकेतला दिग्दर्शक एड वूड तर त्याहून वरचढ. त्याच्याकडे बेला लुगोसी या जुन्या नामांकित नटाची मोजून थोडी फिल्म होती, आणि १९५६ साली लुगोसी वारला. दुसरा कुणी असता तर सिनेमा गुंडाळला असता. याने बायकोच्या मणक्यांवर उपचार करणाऱ्या गृहस्थाला आणलं, अंगावर काळा डगला दिला आणि सांगितलं, डगल्याने तोंड झाकून चाल. ना उंची जुळते, ना चेहरेपट्टी. 'प्लॅन ९ फ्रॉम आउटर स्पेस' नावाचा तो सिनेमा जगातला सगळ्यात वाईट म्हणून गाजला आणि लोक अजून तो प्रेमाने बघतात. यात हसू येतं हे खरं, पण ते कुजकं हसू नाही. ऐपतीबाहेरची गोष्ट करायला निघालेल्या माणसाची ती जिद्द असते, आणि घड्याळ काढायचं राहून गेलेलं असतं.

धंद्यात वाढलेल्या बाईला हे कळणारच. टॉवेल हातात आला की तुम्ही आधी काठ उलटून शिलाई बघत असणार. पडद्यावरही तुमची नजर तिथेच जाते.

मैत्रिणीच्या 'दडपलेल्या हिंसे'बद्दल थोडंसंच, कारण त्यात फार अर्थ नाही. जर्मनीत फ्रँकफर्टच्या माक्स प्लांक संस्थेतल्या दोन संशोधकांनी असे टाकाऊ सिनेमे आवडीने बघणाऱ्या लोकांचा अभ्यास केला, २०१६ साली तो छापून आला. ही मंडळी सरासरीपेक्षा जास्त शिकलेली आणि कलात्मक सिनेमाही तितक्याच चवीने बघणारी निघाली. आणखी एक अभ्यास २०२१चा, करोनाच्या काळातला. भयपटांचे शौकीन त्या दिवसांत मनाने इतरांपेक्षा कमी खचलेले दिसले. आता यावरून लगेच 'भुतं बघा आणि खंबीर व्हा' असं सासूबाईंना सांगायला जाऊ नका. मुळात घट्ट मनाचेच लोक असले सिनेमे बघत असतील, हेही शक्य आहे. पण मैत्रिणीला जे दिसतं ते अभ्यासकांना दिसलेलं नाही, एवढं नक्की.

आता कासव.

तुम्ही सांगता त्यावरून तो १९८० चा इटालियन 'कॅनिबल होलोकॉस्ट' असावा. त्याची कथा तुम्हाला माहीत असेलच, वाचकांसाठी सांगते. सिनेमा इतका खरा वाटला की दिग्दर्शक रुजेरो देओदातोवर नटांना खरंच मारल्याचा आळ आला आणि ते जिवंत आहेत हे त्याला सिद्ध करून दाखवावं लागलं. नट जिवंत निघाले. प्राणी मात्र खरंच मेले होते, त्यात ते कासव. पुढे त्याने त्याची खंत बोलून दाखवली, पण कासवाला त्याचा काय उपयोग.

तुम्ही आणि तुमच्या घरच्यांनी एका पिशवीत कोंबलेल्या गोष्टी इथे वेगळ्या करायला हव्यात. भुताच्या मनगटावरचं घड्याळ सांगतं की कुणाला काही झालेलं नाही, पॅकअपनंतर सगळे घरी गेले. कासवाच्या दृश्यात घड्याळ नाही. तिथे ताडपत्रीमागे भजी खाणारं कुणी नाही. म्हणून तुम्हाला जेवण गेलं नाही. जिच्या मनात हिंसा दडलीय अशा बाईचं हे लक्षण नव्हे, उलट जिला खरं-खोटं अचूक कळतं तिचं आहे. नाट्यशास्त्रात भयानक-बीभत्सला जागा आहे, पण युद्ध आणि मरण रंगमंचावर प्रत्यक्ष दाखवू नये असंही त्यातच सांगितलंय. तिथे तर मरण खोटंच असणार होतं, तरीही.

शेवटपर्यंत का बघितला? मला वाटतं, या शौकात एक मर्दानी पैज असते. 'हा पाहिलास का? झेपला का?' अशी. कुणी समोर नसलं तरी माणूस स्वतःशीच ती लावतो. शिवाय अर्ध्यात सोडलं तर ते दृश्य मनात तिथेच अडकून राहील असं वाटतं, पुढे काहीतरी बघितलं की पुसलं जाईल. पुसलं जात नाही, हे तुम्ही अनुभवलंत. पुढच्या वेळी बंद करा. झेपत नाही म्हणून नव्हे. असलं काही आपल्याला बघायचं नाही, म्हणून. अर्धवट सोडलेल्या सिनेमाचं कुणी व्याज मागत नाही.

एक कसोटी मी स्वतःसाठी ठरवली असती ती देते, पटली तर घ्या. सिनेमा करताना पडद्यामागे कुणाला खरोखर इजा झाली का, माणसाला, जनावराला? झाली असेल तर तो कितीही गाजलेला 'कल्ट' असो, यादीतून काढा. बघण्याआधी दोन मिनिटं शोधलं की हे कळतं. आणि दुसरं जरा अवघड आहे. या सिनेमांत बायकांचं काय केलंय ते डोळे उघडे ठेवून बघा. बाथरूममधलं दृश्य, ओली साडी, मग खून, हा रतीब आपल्या हिंदी भयपटांनीही भरपूर घातलाय. कॅरल क्लोव्हर या अमेरिकन अभ्यासक बाईंनी दाखवून दिलं की त्या खूनसत्रांच्या सिनेमांत शेवटी उरते आणि लढते ती एक मुलगीच. म्हणजे सगळंच टाकाऊ नाही. पण एखाद्या दृश्यात अत्याचारच गंमत म्हणून वाढलेला असेल आणि तुम्हाला आतून किळस आली, तर त्या किळसेला 'मी मागासलेली आहे' म्हणून गप्प बसवू नका. आवड आहे म्हणून सगळं पचवलंच पाहिजे असं कुठे आहे? मलाही पुरणपोळी आवडते, जळलेली टाकून देते.

म्हणजे सोडायचं का? मला तर सोडायचं कारण दिसत नाही. तुम्ही जबरदस्तीने सोडलंत तर दोन महिन्यांनी रात्री एकला परत सुरू होईल आणि तेव्हा रेसिपीचं नाटक आणखी पक्कं झालेलं असेल. तुमच्या घरात जे मोडलंय ते त्या नाटकाने मोडलंय असं मला वाटतं. मिस्टरांना सिनेमाचा धक्का बसला असेल, पण त्याहून मोठा धक्का पंधरा वर्षं शेजारी झोपणाऱ्या बाईचं एक अख्खं दालन आपल्याला ठाऊकच नव्हतं, याचा असणार. 'शोभतं का' हे त्याचं पुरुषी भाषांतर. त्या लपवाछपवीबद्दल मात्र तुम्ही माफी मागा. आवडीबद्दल मागू नका.

डॉक्टरांचं विचारलंत. तुमच्या पत्रात मला एकच दुखणं दिसतं, झोपेचं. साडेअकराला सिनेमा लावून दोनला झोपायचं आणि सहाला पाणी भरायला उठायचं, हे ३८ व्या वर्षी अंगावर येतं. कारखान्याला सुट्टी असते त्याच्या आदल्या रात्री बघा, बाकी दिवस नको. पण हे वाचणाऱ्या इतर कुणाचं चित्र वेगळं असू शकतं, म्हणून लिहिते. सिनेमा पुरेनासा होऊन खऱ्या अपघातांच्या, खऱ्या मारहाणीच्या क्लिपा शोधाव्याशा वाटू लागल्या, किंवा बघून मजा येत नाही, फक्त बधिर वाटतं आणि तेवढ्यासाठीच बघणं चाललंय, किंवा बघितलेलं दिवसा कामात डोळ्यांपुढे येतं, झोपेत दचकून जाग येते, असं काही होत असेल तर जरूर बोला. मनाच्या दुखण्यांसाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, फुकट आहे आणि मराठीतून बोलता येतं. त्यात लाज कसली.

मिस्टरांना सोबत घ्यायचं असेल तर सुरुवात इटालियनपासून करू नका, हात जोडते. रविवारी दुपारी, सगळ्यांसमोर, उजेडात, 'पुराना मंदिर'. त्यांच्या वयाच्या माणसाला तो कुठे ना कुठे आठवत असणार. तुम्ही त्यांना घड्याळं दाखवा. नवरा-बायकोने मिळून एखाद्या गोष्टीतले दोष काढण्यात जी मजा आहे ती फारशी कशात नाही, आम्ही लग्नसमारंभांत तेवढ्याचसाठी जातो. नाही आवडला त्यांना, तर नाही आवडला. क्रिकेटच्या वेळी तुम्ही उठून जाता, तसे तेही उठून जातील. प्रत्येक आवड जोडीनेच भोगायची असते असं मी मानत नाही. फक्त माहीत असावी.

सासूबाईंशी शुभ-अशुभाचा वाद घालायचाच नाही. त्यांच्या 'अभद्र' या शब्दात थोडा देवधर्म असेल, पण बराचसा नातीसाठीचा जीव आहे. दोन रात्री ती त्यांच्या कुशीत थरथरत झोपलीय, तुमच्या नाही. तेव्हा दिवेलागणीला नाही, देवघराच्या खोलीत नाही, श्रावणात नको म्हणाल्या तर श्रावणात नाही. हे मान्य करण्यात तुमचं काही जात नाही. आणि कधीतरी त्यांना तुमच्या मामांबद्दल सांगा.

मामांबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीय आणि पुढे गेलात. 'आणायचे' असं लिहिलंय. मामा आहेत की नाहीत, ते मी विचारत नाही. पण उन्हाळ्याची रात्र, गच्चीवर सतरंज्या, भाड्याचा व्हीसीआर, कॅसेट अडकली की खटपट करणारा मामा आणि भूत आलं की सगळ्यात आधी ओरडणारा मामाच, असं काहीसं चित्र माझ्या डोळ्यांपुढे आलं. माझं चुकत असेल. पण तुम्ही एकटीने इअरफोन घालून जे बघता ते मुळात दहा जणांनी मिळून बघायचं होतं, एवढं तर खरं. सासूबाईंना सिनेमा समजणार नाही, मामा समजेल.

राहिली मुलगी. इथे मात्र चूक तुमची आहे आणि ती तिच्यापाशी कबूल करा. हे सिनेमे १८ वर्षांवरच्यांसाठी असतात. २०२३ साली कायदा बदलल्यापासून आपल्याकडे यूए प्रमाणपत्राचेही ७, १३ आणि १६ असे टप्पे झालेत. ते नुसते सरकारी सोपस्कार नव्हेत. डेन्मार्कमधल्या आर्हुस विद्यापीठाच्या लोकांनी भूतबंगल्यात जाणाऱ्यांचे हृदयाचे ठोके मोजले होते. भीती अगदी कमी असली तरी मजा नाही आणि फार झाली तरी नाही, मधल्या पट्ट्यात मजा असते, असं त्यांना दिसलं. तुमचा मधला पट्टा आणि तिचा मधला पट्टा यांत पंचवीस वर्षांचं अंतर आहे. शिवाय तुम्ही भीती विकत घेतलीत, तिच्यावर ती मागून येऊन आदळली. मोबाइलला आणि त्या अॅपला पासवर्ड घाला, आजच.

'ते खोटं असतं गं' एवढ्यावर तिला उडवून लावू नका. आधी तिने नेमकं काय पाहिलं ते तिला सांगू द्या. मुलांनी अर्धा क्षण पाहिलेलं असतं आणि उरलेलं मनाने भरून काढलेलं असतं, ते मूळ सिनेमापेक्षा भयंकर असतं. तिचं बोलून झालं की मग ताडपत्रीमागे घेऊन जा. सिनेमा अजिबात न दाखवता. १९६८ साली पिट्सबर्गच्या काही पोरांनी सव्वा लाख डॉलरच्या आत 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' केला. कृष्णधवल सिनेमा, म्हणून रक्ताच्या जागी चॉकलेटचं सिरप वापरलं. (त्याचं नाव आयत्या वेळी बदलताना कॉपीराइटची ओळ टाकायची राहिली, म्हणून तो कुणालाही फुकट आणि कायदेशीर बघता येतो. हे तुमच्यासाठी, तिच्यासाठी नाही. तिला अजून काही वर्षं थांबू दे.) रंगीत सिनेमात मक्याचा पाक आणि लाल रंग. म्हणजे इतकी वर्षं तुम्ही रेसिपीचे व्हिडिओ बघते म्हणालात ते अगदीच खोटं नव्हतं.

तर या रविवारी तिला स्वयंपाकघरात घ्या. केकच्या सामानाच्या दुकानात लिक्विड ग्लुकोज मिळतं, ते वाटीभर. खाण्याचा लाल रंग थेंब थेंब, एकदम ओतायचा नाही. मग चिमूटभर कोको पावडर, त्याने तो कच्चा लाल मरतो आणि खरं वाटायला लागतं. किती कोको घालायचा ते तिला ठरवू द्या. तिच्या मनगटावर एक जखम रंगवा, तुमच्या कपाळावर ती रंगवेल. सासूबाई ओरडतील, ओरडू दे, मग त्यांनाही बोलवा. आणि ओट्यावर आधी डॅमेज मालातला एखादा टॉवेल अंथरा. खाण्याचा रंग सुती कापडातून सहज निघत नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं.